मागच्याला दिसायला हवं: टेल लाइट आणि इंडिकेटर एलईडीवर नेण्याच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

काल दुपारी मित्र त्याच्या गाडीतून माझ्या मागे येत होता. थांबल्यावर म्हणाला, "अरे, तू वळलास तेव्हा कळलं मला. इंडिकेटर दिला नव्हतास का?" दिला होता. डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, टिकटिकही ऐकू येत होती. मला आत बसून सगळं ठीक वाटत होतं आणि ज्याच्यासाठी तो दिवा आहे त्याला उन्हात काहीच दिसलं नव्हतं. हे मनाला फार लागलं.

गाडी जुनी आहे. वायरिंग साधं, कुठे कंप्युटर नाही. मागे दोन्ही बाजूंना लाल काचेमागे दोन तारांचा एकेक बल्ब: ५ वॉटची तार टेल लाइटसाठी, २१ वॉटची ब्रेकसाठी. त्याच्या शेजारी पिवळ्या काचेमागे २१ वॉटचा इंडिकेटर. पुढेही तसेच दोन इंडिकेटर आणि फेंडरवर ५ वॉटचे दोन छोटे. एकूण आठ बल्ब. आठही एलईडी करायचे ठरवलं.

एक गोष्ट सुरू करण्याआधीच लिहून ठेवतो. दिव्याच्या काचेवर जी मान्यतेची खूण असते ती त्या दिव्याला त्याच्या ठरलेल्या बल्बसकट मिळालेली असते. फिलामेंटच्या, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारेच्या, बल्बच्या जागी एलईडी घातला की ती मान्यता आपोआप पुढे चालत नाही, आणि पुष्कळ देशांत असा बदल चालतही नाही. आपल्याकडे काय लागू आहे ते आधी बघावं, मग पाना हातात घ्यावा. जुने बल्ब मी फेकणार नाही, डबीत नीट ठेवणार आहे.

रविवार, ५ जानेवारी

आज फक्त मोजमाप. आहे ते न मोजता नवं बसवलं तर सुधारलं की बिघडलं हे नंतर ठरवता येत नाही.

लुकलुकणाऱ्या दिव्यावर मल्टिमीटर स्थिर वाचत नाही. म्हणून फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी छोटी डबी, काढला आणि त्याच्या सॉकेटात ४९ आणि ४९ए या दोन जागांमध्ये जाड वायरचा तुकडा घातला. जर्मन पद्धतीच्या या क्रमांकांत ४९ म्हणजे फ्लॅशरला येणारा पुरवठा, ४९ए म्हणजे दिव्यांकडे जाणारा आणि ३१ म्हणजे अर्थ, गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी करंटची परतीची वाट. आता इंडिकेटर सलग पेटलेला राहिला.

इंजिन बंद, बॅटरीवर १२.५ व्होल्ट. मागच्या उजव्या होल्डरवर ११.८. मागच्या डाव्या होल्डरवर फक्त ११.१! वाटेत हरवलेल्या १.४ व्होल्टपैकी ०.८ एकट्या अर्थच्या बाजूला गेले होते. होल्डरची बॉडी आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यात मीटर धरला की हा आकडा थेट मिळतो. दिवा पेटलेला असतानाच मोजायचा. करंट वाहत नसेल तेव्हा खराब अर्थसुद्धा चांगला दिसतो.

फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. ११.१ भागिले १२.५ म्हणजे ०.८९, आणि त्याचा साडेतीनावा घात ०.६६. व्होल्टेज नऊवा भाग कमी झालं आणि प्रकाश मात्र एक तृतीयांश गेला. मित्राला काही दिसलं नाही यात आता नवल वाटत नाही.

रात्री लक्स मीटर घेऊन दिव्यांच्या मागे बरोबर ३ मीटरवर बसलो. लक्सला अंतराच्या वर्गाने, म्हणजे इथे ९ ने, गुणलं की कँडेला मिळतात, म्हणजे त्या दिशेला दिवा किती तीव्र आहे त्याचं माप. उजवा ब्रेक ८५ कँडेला, डावा ५४. टेल लाइट ७ च्या आसपास. मागचा उजवा इंडिकेटर ७२, डावा ४०. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांत थेट मागून बघताना टेल लाइटला किमान ४, ब्रेकला ६० आणि मागच्या इंडिकेटरला ५० कँडेला लागतात. डावी बाजू ब्रेक आणि इंडिकेटर दोन्हींत नापास. माझा मीटर प्रयोगशाळेतला नाही, पण दोन बाजूंतला फरक दाखवायला तो पुरेसा आहे.

फ्लॅशर परत बसवून मोजलं: अर्ध्या मिनिटात ४१ वेळा, म्हणजे मिनिटाला ८२. नियम ६० ते १२० सांगतो. डाव्या बाजूचा करंट सलग पेटवून ३.७ अँपिअर.

गुरुवार, ९ जानेवारी

बल्ब निवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. खोक्यावरच्या लुमेनच्या, म्हणजे बल्बच्या एकूण प्रकाशाच्या, आकड्यावर मी भरवसा ठेवला नाही. मूळ बल्ब किती देतो हे मात्र ठरलेलं आहे: पी२१डब्ल्यू हा २१ वॉटचा एकतारी बल्ब १३.५ व्होल्टवर सुमारे ४६० लुमेन, आणि दोनतारी पी२१/५डब्ल्यू सुमारे ४४० आणि ३५ लुमेन.

आकड्यांपेक्षा जास्त बघण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रकाश कुठून निघतो. दिव्याच्या आतला चकचकीत रिफ्लेक्टर असा घडवलेला असतो की फिलामेंट त्याच्या नाभीशी यावं. पिनांपासून साधारण ३२ मिलिमीटरवर ती तार असते आणि ती सगळीकडे प्रकाश टाकते. एलईडी बल्बच्या फक्त टोकाला चिप्स असतील तर मधोमध झगमगता ठिपका दिसतो आणि बाकीचा रिफ्लेक्टर काळा राहतो. जवळून बघितलं तर डोळे दिपतात, बाजूने बघितलं तर दिवा लागलाय का अशी शंका येते. म्हणून ज्याच्या अंगावर चारी बाजूंना चिप्स आहेत आणि त्या फिलामेंटच्या उंचीला आहेत, असाच बल्ब घ्यायचा.

पिनांचाही एक घोटाळा आहे. साध्या एकतारी बल्बच्या दोन पिना समोरासमोर असतात. पिवळ्या काचेच्या बल्बच्या, म्हणजे पीवाय२१डब्ल्यूच्या, १५० अंशांत असतात. हे मुद्दाम केलेलं आहे, पारदर्शक काचेमागे चुकून पांढरा बल्ब बसू नये म्हणून. माझ्या दिव्याची काचच पिवळी आहे, त्यामुळे होल्डर समोरासमोरच्या पिनांचा. पिवळा एलईडी मात्र बहुतेक करून १५० अंशांच्या पिनांत समोर येतो. पिन कानशीने घासून तो बसवणारे लोक आहेत. मी तसं करणार नाही. घासलेल्या पिनेचा बल्ब खड्ड्यांत सैल होतो आणि मग जो दिवा दिसावा म्हणून आपण खटपट केली तोच अधूनमधून बंद पडतो. समोरासमोरच्या पिनांचा पिवळा मिळाला, तो मागवला.

शनिवार, ११ जानेवारी

नवे बल्ब येईपर्यंत जुन्यांचीच सेवा. मागच्या डाव्या दिव्याचा अर्थ एका स्क्रूवरून बॉडीला जातो. स्क्रूखालच्या पत्र्यावर रंगाचा थर आणि त्याच्या कडेने तांबूस गंज. पॉलिश पेपरने पत्रा उजळेपर्यंत घासला, टर्मिनल नवं लावलं, दातेरी वॉशर घालून आवळलं आणि वरून ग्रीसचा हात दिला. होल्डरच्या आतल्या पितळी ठोकळ्यावरही हिरवट थर होता, तो काचतंतूंच्या पेन्सिलने काढला.

अर्थवरची घट ०.८ वरून ०.०५ व्होल्टवर आली. होल्डरवर ११.९. डावा इंडिकेटर ४० वरून ५१ कँडेला झाला. मग काच आतून साबणाच्या कोमट पाण्याने धुतली, रिफ्लेक्टरवर मात्र कापड घासलं नाही, फक्त धूळ फुंकली. त्याचा चंदेरी मुलामा फार नाजूक असतो. आकडा ६० वर गेला.

एक पैचाही नवा बल्ब न घालता डावी बाजू नियमात बसली. एलईडीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं असं मी कळकळीने सांगेन. खराब अर्थवर एलईडी कदाचित जास्त चमकतोही, कारण त्याला करंट कमी लागतो, पण दोष तसाच आत दबून राहतो. दोनतारी होल्डरचा अर्थ तुटत आला की करंट परत फिरण्यासाठी शेजारच्या दिव्याची वाट शोधतो. मग ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो. एलईडीला एवढ्याशा चोरट्या करंटवरही उजळता येतं, म्हणून तिथे हा गोंधळ आणखी ठळक होतो.

मग पुढे का जायचं? मुख्य कारण ब्रेक लाइट. फिलामेंटला तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. एलईडीला लागणारा वेळ डोळ्याच्या हिशेबात शून्य. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी ०.२ सेकंदात साडेचार मीटरच्या आसपास पुढे येते. मागच्याला तेवढं अंतर मिळावं असं मला वाटतं.

रविवार, १२ जानेवारी

बल्ब आले. सोबत एक पांढरा दोनतारी एलईडीही मागवला होता, केवळ बघायला. लाल काचेमागे तो लावला तर ब्रेकचा रंग फिकट गुलाबीकडे झुकला आणि उजेड मीटरवर अर्ध्याहून कमी. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. त्याच्या प्रकाशात लाल भाग थोडाच असतो. काच लाल सोडून बाकी सगळं गिळते. फिलामेंटचा प्रकाश मात्र लालकडेच जास्त झुकलेला, म्हणून त्याला लाल काच सोसते. काचेच्या रंगाचाच एलईडी घ्यायचा, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं ते बरं झालं.

मग लाल जोडी बसवली. लेक मागे उभी, मी पेडलवर.

"लागला का ब्रेक?"

"बाबा, तुम्ही दाबलात की नाही तेच कळत नाही. आधीच एवढा लाल आहे!"

उतरून मीटर धरला. टेल लाइट २८ कँडेला, ब्रेक ८१. दोन्ही आकडे किमानाच्या वर, आणि तरीही दिवा निकामी. मूळ बल्बमध्ये दोन तारांचं प्रमाण ३५ ला ४४०, म्हणजे साडेबारा पट. माझ्या नव्या जोडीत ते तिपटीलाही पोचत नाही. रात्री शंभर मीटरवरून मागच्याला एक लाल दिवा दिसणार, आणि ब्रेक लागला तरी तो लाल दिवाच. खोक्यावर ब्रेकचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, टेलचा छापतच नाहीत. प्रमाण बघायला हवं ते इथे.

लाल एलईडी आणि तापलेली तार यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायला मी कचरतो, कारण साधा लक्स मीटर रंगपटाच्या लाल टोकाला चुकतो. पण एकाच बल्बच्या टेलची आणि ब्रेकची तुलना करताना रंग तोच, चूकही तीच. म्हणून प्रमाणावर विश्वास ठेवता येतो.

ब्रेक दहा मिनिटं दाबून ठेवला. ८१ वरून ५३ कँडेलावर घसरला. एलईडी तापला की त्याचा प्रकाश कमी होतो, लाल आणि पिवळ्यात तर जास्तच. लांब सिग्नलवर पाय पेडलवर ठेवून थांबायची वेळ येते, तेव्हा हे दिसणार. जोडी परत करायला बांधून ठेवली, गाडीत जुने बल्ब परत गेले.

बुधवार, १५ जानेवारी

दुसरी जोडी. हिला अॅल्युमिनियमचं जाड अंग आहे आणि आत करंट स्थिर ठेवणारं सर्किट. टेल ८, ब्रेक ९०. अकरा पटीच्या वर. दहा मिनिटांनी ब्रेक ७९. लेक म्हणाली, "आता कळतंय." हीच कायम.

शनिवार, १८ जानेवारी

इंडिकेटर. आधी फक्त मागचे दोन बदलले. डावीकडे दांडी खाली केली आणि टिकटिक धावतच सुटली. मिनिटाला १६० च्या पुढे.

हे होणार हे माहीत होतं, पण का होतं ते नीट लिहितो. जुन्या फ्लॅशरच्या आत एक अगदी लहान रोध (रेझिस्टर) असतो आणि दिव्यांचा सगळा करंट त्याच्यातून जातो. त्या रोधावर किती व्होल्टेज पडतं यावरून फ्लॅशर दिवे मोजतो. २१ वॉटचा एक बल्ब उडाला की करंट निम्म्यावर येतो, फ्लॅशर वेग दुप्पट करतो आणि चालकाला कळतं की एक दिवा गेला. पावणेदोन अँपिअर मागणाऱ्या तारेच्या जागी पाव अँपिअरवर भागणारा एलईडी आला, तेव्हा फ्लॅशरच्या लेखी बल्ब उडालाच. आणखी जुन्या गाड्यांत तापून वाकणाऱ्या पट्टीचा फ्लॅशर असतो. तिथे उलट होतं. पट्टी तापेल एवढा करंटच नसतो, दिवा लागून तसाच राहतो किंवा लुकलुकतच नाही.

म्हणजे फिलामेंट नुसता उजेड देत नव्हतं. ते फ्लॅशरचं वजनकाट्यातलं मापही होतं. हे माप काढून घेतलं तर त्याच्या जागी काहीतरी द्यावं लागणार.

रविवार, १९ जानेवारी

पहिला मार्ग: प्रत्येक एलईडीला समांतर ६ ओहमचा, ५० वॉटचा, सोनेरी अॅल्युमिनियमच्या कवचाचा रोध. डाव्या बाजूला करून बघितला. टिकटिक लगेच ताळ्यावर आली, मिनिटाला ८४.

मग हॅझर्ड, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम, लावून पाच मिनिटं थांबलो. इंजिन चालू, १३.८ व्होल्ट. १३.८ चा वर्ग भागिले ६, म्हणजे दिवा पेटलेला असताना जवळपास ३२ वॉट. निम्मा वेळ बंद, म्हणून सरासरी १६. रोध पत्र्याला स्क्रूने आवळलेला होता तरी १०४ अंश सेल्सिअस. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खोटं आणि कमी वाचतो, त्यामुळे रोधावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजलं. न लावता तोच थर्मामीटर ५० च्या खाली दाखवत होता. या एका गोष्टीने फसून लोक हे रोध वायरच्या जुडग्याला बांधून टाकतात. कवचावर छापलेले ५० वॉट हे रोध जाड धातूवर घट्ट बसवला असेल तेव्हाचे. प्लॅस्टिकवर किंवा हवेत लोंबता ठेवला तर त्याला तेवढे झेपत नाहीत. ब्रेकच्या वायरीवर तर असा रोध सलग ३२ वॉटने तापेल.

मला हा मार्ग पटला नाही. वाचवलेली सगळी वीज उष्णतेत घालवायची, आणि तीही अशा कोपऱ्यात जिथे मागच्या अस्तराचं कापड दोन बोटांवर आहे. ज्या गाड्यांत फ्लॅशर वेगळा नसतो, सगळं एका कंप्युटरच्या पोटात असतं, तिथे याला किंवा सेटिंग बदलण्याला पर्याय नसतो. माझ्याकडे फ्लॅशर हाताने काढता येतो. रोध उतरवले.

शनिवार, २५ जानेवारी

एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आला. तीन पिना, बी, एल आणि ई: पुरवठा, दिवे, अर्थ. करंट कितीही असो, त्याचा ठेका आतल्या घड्याळावर चालतो.

आकार जुन्यासारखाच, सरळ सॉकेटात दाबावासा वाटला. हात आवरला आणि आधी सॉकेट मोजलं. जुन्याच्या जिथे ४९ए आहे तिथे नव्याची ई पिन येत होती, आणि ३१ च्या जागी एल. तसाच बसवला असता तर फ्लॅशरचा दिव्यांकडे जाणारा पाय सरळ अर्थला टेकला असता. फ्यूज उडाला असता आणि नवा फ्लॅशरही बहुधा गेला असता. तीन छोट्या वायरींना चपटी टर्मिनल लावून मधला जोड केला, दोन वायरी आडव्या फिरवल्या, प्रत्येक जोडावर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी. तेवढ्यात पुढचे आणि फेंडरवरचे एलईडीही बसवून टाकले.

डावा इंडिकेटर. मिनिटाला ८६, अगदी शांत ठेका. मला वाटलं झालं.

"बाबा, सगळेच लुकलुकतायत!"

उतरून बघितलं. डावे तिन्ही झगझगीत आणि उजवे तिन्ही मंद, पण त्याच तालात. उजवा दिला तर उलट. डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा जेमतेम मिणमिणता.

थोडा वेळ जुडगी हलवून बघण्यात गेला. मग वायरिंगचा नकाशा घेऊन बसलो आणि कारण कागदावरच सापडलं. माझ्या गाडीत डाव्या-उजव्याला मिळून एकच हिरवा दिवा आहे आणि त्याला अर्थ नाही. त्याचं एक टोक डाव्या वायरीला, दुसरं उजव्या वायरीला. डावी बाजू पेटली की करंट हिरव्या दिव्यातून उजव्या वायरीत येतो आणि उजवीकडच्या थंड तारांमधून अर्थला जातो. थंड तार म्हणजे जवळजवळ साधी वायरच. २१ वॉटची तार तापल्यावर सुमारे ७ ओहमची असते, थंड असताना त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. २ वॉटच्या हिरव्या दिव्यातून जेमतेम ०.१७ अँपिअर येतो. तेवढ्याने उजव्या तारांवर व्होल्टचा दहावा भागही पडत नाही, त्या पेटायचा प्रश्नच नाही. हिरवा दिवा मात्र छान लागतो.

आता उजवीकडे थंड तारा नाहीत. एलईडीला एवढासा करंट पुरतो, म्हणून तो उजळतो आणि हिरव्याच्या वाट्याचं व्होल्टेज स्वतःवर घेतो. थंड फिलामेंट उलट्या बाजूचा अर्थ म्हणून वर्षानुवर्षं काम करत होतं. कुणी लिहून ठेवलं नव्हतं, नकाशातही तसा शब्द नाही. हे सापडल्यावर मला मनापासून आनंद झाला. ज्याने हे वायरिंग आखलं त्याने एक वायर वाचवली होती, आणि त्या काळच्या बल्बांसाठी ती आखणी चोख होती.

सोमवार, २७ जानेवारी, रात्री

उपाय दोन डायोडचा, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दोन तुकड्यांचा. १एन४००७ हा १ अँपिअरचा साधा डायोड, हिरव्या दिव्यासाठी हवा त्याहून पुष्कळ मोठा. एक डाव्या वायरीवरून, एक उजव्या वायरीवरून. दोघांची चंदेरी पट्टीची टोकं एकत्र करून हिरव्या दिव्याच्या एका टोकाला, आणि दिव्याचं दुसरं टोक नव्या वायरीने अर्थला. आता दोन्ही बाजूंकडून करंट दिव्यात येतो, पण एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नाही. डायोडवर ०.७ व्होल्ट जातात, हिरव्याच्या उजेडात फरक जाणवला नाही.

माझा हिरवा दिवा सुट्या होल्डरचा आणि दोन वायरींचा आहे, म्हणून अर्ध्या तासात झालं. मीटरच्या मागे छापील पट्टी असलेल्या गाड्यांत जास्त काळजी लागेल. डायोड हीटश्रिंकमध्ये घालून जुडग्याला बांधले, म्हणजे खडखडणार नाहीत.

डावा दिला, डावेच लागले. उजवा दिला, उजवेच. हॅझर्डला पूर्वी हा हिरवा दिवा लागत नसे, कारण त्याच्या दोन्ही टोकांना सारखेच १२ व्होल्ट यायचे. आता तोही लागतो. डाव्या बाजूचा करंट ३.७ वरून ०.६ अँपिअर. रस्त्याकडेला हॅझर्ड लावून थांबावं लागलं तर बॅटरीसाठी हा मोठा फरक आहे.

एक गमावलं ते इथे लिहिलंच पाहिजे. आता एखादा इंडिकेटर बंद पडला तर टिकटिक वेगाने धावणार नाही. नवा फ्लॅशर दिवे मोजतच नाही. पूर्वी गाडी स्वतः सांगायची, ते काम आता मी करायचं. दर रविवारी भिंतीकडे पाठ करून गाडी लावायची, हॅझर्ड आणि ब्रेक लावून आरशात भिंतीवरचा उजेड बघायचा.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज मीटर बाजूला ठेवून डोळ्यांनी पारख. दुपारचे दोन, ऊन थेट मागच्या काचांवर. वीस मीटरवर उभा राहिलो, लेक दांडीवर. दोन्ही इंडिकेटर स्पष्ट. एलईडीचं चालू-बंद धारदार असतं, तार हळूहळू उजळते आणि विझते. उन्हात डोळा वेधायला ही धारच जास्त कामाला येते असं मला जाणवलं.

मग अर्धवर्तुळात चालत गेलो. नियमात इंडिकेटर बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत आणि आतल्या बाजूला ४५ अंशांपर्यंत दिसायला हवा. शेजारच्या लेनमधल्या दुचाकीस्वाराला वळायच्या आधी दिसतो तो हाच बाजूचा प्रकाश. मागचे दोन्ही पास. पुढचे मात्र ६० अंशांनंतर एकदम मावळले. पुढचे घेताना मी टोकाला भिंग असलेला प्रकार घेतला होता, समोर जास्त पल्ला मिळेल म्हणून. माझाच ९ जानेवारीचा नियम मी मोडला. मागच्यासारखेच दोन आणखी मागवले.

कॅमेऱ्याने फोटो काढताना एक्स्पोजर हाताने स्थिर ठेवायचं. आपोआपवर ठेवलं तर कॅमेरा प्रत्येक दिवा सारखाच उजळ दाखवतो आणि तुलना फुकट जाते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पुढचे बदलले. ७५ अंशांवरूनही दिसतात, ८० ला थोडे कमी पण लागलेले कळतात.

रविवार, १६ फेब्रुवारी

गाडी धुतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या टेल लाइटच्या काचेत आतून वाफ. आधी कधी दिसली नव्हती. पाणी आजच आत जायला लागलं असं नाही. पूर्वी २१ वॉटची तार आतली हवा तापवून ओल घालवत असे. एलईडी त्याची उष्णता मागे, बुडाच्या दिशेने टाकतो, काच थंडच राहते. बर्फाळ प्रदेशात याच कारणाने एलईडी दिव्यावरचा बर्फ वितळत नाही. फिलामेंटचं आणखी एक काम आज कळलं.

दिवा उघडला. खालच्या कोपऱ्यातलं हवेचं छिद्र चिखलाने बुजलेलं, ते बारीक तारेने मोकळं केलं. गॅस्केट कोपऱ्यात कडक होऊन आखडलं आहे. तात्पुरतं सिलिकॉन ग्रीस लावून बसवलं. छिद्र सीलंटने बुजवायचं नाही, त्याने आत आलेली ओल आतच राहते.

पाच मिनिटं पाइपने पाणी मारून, रात्रभर ठेवून बघितलं. सकाळी पुसटशी वाफ होती, तासाभरात गेली.

शनिवार, १ मार्च

मित्र पुन्हा मागून आला, तोच रस्ता, तीच दुपार. मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. थांबल्यावर म्हणाला, "आज ब्रेक लावलास की लगेच कळत होतं. वळणाआधी इंडिकेटरही दिसला, अगदी लांबून." मग थोडं थांबून, "रात्री तुझ्यामागे थांबलो तर टेल लाइट डोळ्यांत जाईल का रे?" हा प्रश्न मला आवडला. अंधार पडेपर्यंत थांबलो, दहा मीटरवर त्याला त्याच्या सीटवर बसवलं. टेल लाइट ठीक. ब्रेक उजळ, पण बघवत नाही असा नाही.

लुकलुक मोजली: मिनिटाला ८६. दहा मिनिटांनी डावा ब्रेक ७८, उजवा ७९. उजव्या गॅस्केटचा कोपरा अजून तसाच आखडलेला आहे. नवं मागवलंय, आलं की दिवा पुन्हा उघडायचा.